धुराविना अग्नि

पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें जाणावें, हा अनुमानाचा पाठ मीं पस्तीस वर्षें मुलांस दिला. तापलेल्या लोहगोळ्यांत अग्नि असून धूर नसतो, हेंही मी सांगत असें. परंतु तें पोथींतलें ज्ञान माझ्या न्हाणीघरापर्यंत पोंचलें नव्हतें.

गेल्या पौषांत थंडीचा कडाका होता. बोचरा वारा येतो म्हणून न्हाणीघराचा झरोका मींच पुठ्ठा ठोकून बुजविला. आंत गॅसचा गीझर होता. तिसऱ्या दिवशीं सकाळीं नात स्नानास गेली ती बाहेर येईना. हांका मारल्या, उत्तर नाहीं. दार फोडलें तेव्हां पोर फरशीवर निश्चेष्ट पडली होती. इस्पितळांत प्राणवायु दिल्यावर कांहीं वेळानें तिनें डोळे उघडले.

डॉक्टरांनीं कारण सांगितलें: कार्बन मोनॉक्साइड. कोंडलेल्या हवेंत ज्वलन अपुरें राहिलें कीं हा वायु उत्पन्न होतो. त्यास ना रंग, ना गंध. रक्तांतील हीमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक दृढतेनें जडतो, आणि मनुष्य कांहीं कळण्यापूर्वींच मूर्च्छित होतो.

वायूचें ज्ञान स्पर्शावरून होतें असें आमचे नैयायिक सांगतात. येथें स्पर्शही निरुपयोगी. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत शास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या सूचनेवरून कॅनरी पक्षी नेत. ते बिचारे माणसाआधीं कोसळत व माणसें सावध होत. १९८६ सालीं त्यांची जागा यंत्रांना देण्याचें ठरलें.

तसलेंच एक छोटें यंत्र आतां आमच्या न्हाणीघराच्या दाराबाहेर आहे. वाफेनें बिघडूं नये म्हणून आंत लाविलें नाहीं. त्यांतील विद्युदग्रावर हा वायु पोंचला कीं त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो व सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. वायु जितका अधिक तितका प्रवाह अधिक. मर्यादा ओलांडली कीं भोंगा वाजतो. स्वयंपाकाच्या गॅसासाठीं मात्र निराळें यंत्र लागतें, आणि तो गॅस हवेहून जड असल्यामुळें तें जमिनीलगत बसवावें लागतें.

पुठ्ठा त्याच दिवशीं काढला. गीझरही मोकळ्या हवेंत हलविला. तथापि यंत्र आणल्यानें माझी चूक पुसली जात नाहीं. परवां नातीस तोच पाठ देत होतों. ती मध्येंच म्हणाली, "आजोबा, त्या दिवशीं धूर कुठें होता हो?"

मला उत्तर सुचेना. आतां मात्र पाठाअखेर एक वाक्य मीं पदरचें जोडलें आहे: धूर दिसत नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये; झरोका आधीं उघडावा.