गंजलेल्या नटाशी झोंबी

वाचकहो, ज्यांच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी जीप किंवा ट्रॉली उभी आहे, त्यांना गंजलेला नट म्हणजे काय हे सांगायला नको. पाना लावला, जोर केला, आणि नट सुटायच्या ऐवजी त्याचे कोपरेच गोल झाले! मग आपण नटाला, गाडीला आणि शेवटी बॅटरी धरून उभ्या असलेल्या पोराला बोलतो.

आमची जीप कृष्णाकाठची. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात ती चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. पूर ओसरला, गाळ धुतला, इंजिनही चालू झालं; पण आट्यांत शिरलेलं पाणी कोण पुसणार? लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि नट-बोल्टाच्या मधे तर केसाएवढीही जागा नसते. म्हणून तो वेल्डिंग केल्यासारखा बसतो. यंदा पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरेनासा झाला. याच गाडीतून डेअरीला दूध जातं आणि शाळेला पोरं जातात, तेव्हा चाक खोलणं टाळण्यासारखं नव्हतं.

अशा वेळी आधी हातात पाना घेऊ नका, तारेचा ब्रश घ्या. बाहेर आलेले आटे घासून स्वच्छ करा. मग तेल सोडा. गंज सोडवायच्या तेलाचे फवारे बाजारात मिळतात. नसला तर डिझेलात थोडं इंजिन ऑइल मिसळलं तरी बरंच काम होतं. वर हातोडीनं बेतानं टकटक करा. त्या हादऱ्यानं गंजाला भेगा पडतात आणि तेल आत उतरतं. संध्याकाळी एकदा, निजताना एकदा, पहाटे धारेला उठाल तेव्हा आणखी एकदा. हे पहाटेचं काम आमच्या सौभाग्यवतींनी आपणहून पत्करलं. म्हणाल्या, “म्हशीला पान्हा घालायला वेळ देता, मग नटालाच कसली घाई?”

नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकवर चढवलेल्या गाडीला हिसके देऊ नयेत, बरं का. पाना नटावर चपखल बसणारा हवा. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. हलला तरी एका दमात काढू नका. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, मधून तेलाचा थेंब.

आता एक मेख सांगतो. कित्येक जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, उजवीकडे फिरवले की सुटणारे. स्टडच्या टोकावर पुष्कळदा इंग्रजी ‘एल’ असतो, पण गंज घासल्याशिवाय तो दिसत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर दोघा धट्ट्याकट्ट्या गड्यांनी पान्याला चार फुटी पाईप लावून असला नट आवळत आवळत स्टडच तोडलेला मी पाहिला आहे.

इतकं करूनही नट हललाच नाही तर? नट आणि स्टड या दोघांतलं कोण गेलं तरी चालेल, हे आधीच ठरवा. नट थोड्या पैशात मिळतो. स्टड तुटला तर हब उतरवायचा, जुना ठोकून काढायचा, नवा बसवायचा. तालुक्याची फेरी आणि दिवस बुडाला. म्हणून छिन्नीनं नट उभा फोडावा, पण छिन्नीचं तोंड स्टडच्या आट्यांवर उतरू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपची कुठं उडेल सांगता येत नाही.

गॅसच्या ज्योतीनं नट तापवणं हा मेकॅनिकचा हुकमी उपाय. पण चाकावर हवा भरलेला टायर असताना तो कुणालाही करू देऊ नका, मग कारागीर कितीही नावाजलेला असो. रिम तापून टायर फुटतो आणि जवळचा माणूस जागच्या जागी जातो.

आमच्या पाचपैकी चार नट तिसऱ्या सकाळी सुटले, एक फोडावा लागला. आत ब्रेकचा सिलिंडर गळत होता, तो बदलला. चाकाचे आटे नुसते ब्रशनं साफ करून कोरडे ठेवले. मडगार्डाच्या आणि बंपरच्या बोल्टांना मात्र ग्रीसचं बोट फिरवलं. आता पाळी उजव्या चाकाची. त्याला कालपासूनच तेल सोडलं आहे.