माथेरानची विजेवरची रिक्षा

सुगी आटोपली, धान्य घरात आलं, की घरच्या मंडळींना चार दिवस कुठंतरी हिंडवून आणावं असं तुमच्याही मनात येत असेल. पण घरात गुडघे धरलेली आई असली, कडेवरचं मूल असलं, की पाऊल अडतं. रायगड जिल्ह्यातल्या माथेरानला जायचं म्हटलं, तर हा विचार आधीच करावा लागतो. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. नेरळहून टॅक्सीनं आलात, तरी दस्तुरी नाक्यावर उतरावंच लागतं. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर; वाट झाडीतली, तांबड्या मातीची.

१९०७ साली सुरू झालेली छोटी आगगाडी आहे. पण तिच्यात जागा थोड्या. घोड्यावर म्हातारं माणूस बसत नाही. मग उरायची माणसांनी ओढायची रिक्षा.

काही वर्षांमागं आम्ही आईला तीत बसवलं होतं. एक माणूस पुढं जुंपलेला, दोघं मागून रेटणारे. चढावर पुढच्याला धाप लागली, तशी आई म्हणाली, "थांब रे बाबा, उतरव मला. चढावर आपण बैलालासुद्धा दम खाऊ देतो." उरलेली वाट ती बसत-उठत चालली.

परवा पुन्हा गेलो, तेव्हा ती विजेच्या रिक्षात बसली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डिसेंबर २०२२ मध्ये ही रिक्षा इथं प्रथम चाचणीसाठी आली. विशेष म्हणजे, हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ती मागितली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा भाड्यानं द्याव्यात, असंही सुचवलं.

आता कुटुंबाच्या दृष्टीनं तिची पारख करू. धूर नाही, आवाज नाही. पक्ष्यांची किलबिल बसल्या जागी ऐकू येते. पायरी ठेंगणी, म्हणून आई कुणाचा हात न धरता चढली. शाळकरी मुलांचीही पायपीट वाचते. उणेपणाही सांगतो. गर्दीच्या दिवशी ताटकळावं लागतं. मोठ्या ट्रंका तीत मावत नाहीत. खडबडीत वाटेवर दचके बसतात. आणि घोडेवाल्यांना आपल्या पोटाची काळजी वाटते, तीही खोटी नाही.

म्हणून आमचा सल्ला असा: म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि आजारी यांना रिक्षात बसवा, धडधाकटांनी चालावं. सामान थोडं न्या. सुटीचा दिवस टाळा. पॉइंट बघायला जाताना एखादा घोडा जरूर करा.

उतरताना आईनं रिक्षावाल्याला विचारलं, "पूर्वी ओढायचास का रे?" त्यानं हसून मान हलवली. "मग आता मी निवांत बसले," असं म्हणून तिनं पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला.