खरखरीचा वकील

चारेक वर्षांपूर्वी वर्धा रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर मी एका अनोळखी तरुणाला सुनावलं होतं. त्याची प्रीमियर पद्मिनी झकास होती, पण डॅशबोर्ड कापून त्यात भलामोठा टचस्क्रीन बसवलेला. ‘आजीला जीन्स घातलीस की रे,’ असं मी म्हणालो. तो नुसता हसला. पुन्हा भेटला तर त्याची माफी मागायची आहे, कारण गेल्या दिवाळीपासून माझ्या फियाटच्या रेडिओत ब्लूटूथ आहे.

गाडी बाबांची. १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. डुक्कर फियाट नव्हे, तिच्यानंतरची; गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. बाबा हायकोर्टात वकील होते आणि या गाडीसाठी नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली, हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. डॅशबोर्डखाली पट्टीनं टांगलेला रेडिओ होता, फक्त मीडियम वेव्हचा. म्हणजे बुधवारची बिनाका गीतमाला त्यावर नाही. ती शॉर्टवेव्हवर, सिलोनहून यायची. काटा कायम आकाशवाणी नागपूरवर, ५१२.८ मीटर, म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झ. आमच्या घरातली सगळी घड्याळं आकाशवाणीच्या बातम्यांवर लावलेली असत.

बाबांनंतर गाडी माझ्याकडे आली. खरं सांगायचं तर मला गाडीतलं फारसं कळत नाही. कार्ब्युरेटर उघडून ठेवला तर पुन्हा जोडता येणार नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की मी एकाच शब्दावर वेळ मारून नेत असे: ओरिजिनल. सीटखालच्या स्प्रिंगा ओरिजिनल, काचा ओरिजिनल, रेडिओ तर विचारूच नका. तो शब्द उच्चारला की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

रेडिओ मात्र दर वर्षी थोडाथोडा मुका होत गेला. त्यातले कंडेन्सर सुकले होते, हे एक. शिवाय मीडियम वेव्हला शहरच आता मानवत नाही. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची करकर त्यात उतरते. वर्धा रोडवर डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचं ते दुमजली बांधकाम (आकडा पाहून आमचे गणिताचे सर खूश झाले असते) पार होईपर्यंत रेडिओत नुसती चरचर. तरी मी खरखरीची वकिली करत राहिलो. हा काळाचा आवाज आहे, असं काहीबाही बोलायचो. ‘मग काळ बंद करा ना थोडा वेळ,’ असं बायको म्हणायची.

माझा आवडता दाखला आकाशवाणीच्या राष्ट्रीय प्रसारण सेवेचा होता. मे १९८८ मध्ये ती याच नागपुरातून सुरू झाली, एक हजार किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर. मध्यम लहरी रात्री वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन दूरवर जातात, त्यामुळे रात्री कुठकुठच्या गावांत नागपूर ऐकू येई. ही कहाणी मी इतक्या तोऱ्यात सांगायचो, की ती सेवा जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली हे सांगायचं सोयीस्करपणे विसरायचो.

मग गेल्या पावसाळ्यात बाबांच्या कपाटात गाडीच्या कागदांची पिशवी सापडली. तीत पोस्टात फी भरून काढलेला रेडिओचा परवाना होता, तेव्हा तो लागायचाच. आणि सीताबर्डीतल्या एका दुकानाचं बिल. तारीख २७ सप्टेंबर १९६९. रेडिओ, स्पीकर, एरियल, आणि शेवटची ओळ: मडगार्डला भोक पाडण्याची मजुरी.

म्हणजे गाडी आली तेव्हा तिच्यात रेडिओ नव्हताच. जो ओरिजिनल म्हणून मी मिरवला, तो दोन वर्षांनी मागाहून बसवलेला. आणि नव्याकोऱ्या मडगार्डला भोक पाडून!

तारखेचा उलगडा आईनं केला. ३ ऑक्टोबरपासून सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर नागपूरची पहिली कसोटी होती, न्यूझीलंडशी. बाबांना तिकीट मिळालं नव्हतं, कोर्टही सोडवत नव्हतं. मधल्या सुट्टीत ते गाडीत बसून कॉमेंट्री ऐकत. मैदान जवळच, ते सांगायचे, विकेट आधी रेडिओवर पडायची आणि लोकांचा गलका मागाहून कानावर यायचा. भारत ती कसोटी १६७ धावांनी हरला. आजोबा बरीच वर्षं त्या रेडिओला अपशकुनी म्हणत.

बिल हातात धरून मी बराच वेळ बसलो. बाबांनी गाडी जपली ती मला वाटत होतं तशी नाही. त्यांना मॅच ऐकायची होती, बस.

सीताबर्डीच्या एका गल्लीत सत्तरीचे एक कारागीर अजून जुने रेडिओ उघडतात. त्यांनी कंडेन्सर बदलले, आणि काडेपेटीपेक्षाही लहान असं ब्लूटूथचं सर्किट आत बसवून त्याच्या तारा आवाजाच्या बटणाच्या अलीकडे डकवल्या. बारा व्होल्टचे पाच करायला एक चिमुकला तुकडा, आणि मागं एक खटका: नवं की जुनं. ‘नाही आवडलं तं दोन तारा कापा, झालं जुनं,’ ते म्हणाले. बाहेरून काहीच बदललं नाही. डायलचा पिवळा दिवा तेवढा पुन्हा लागला.

मे महिन्यात फोन डॅशबोर्डवर तापून बंद पडतो, तेव्हा खटका जुन्यावर करावाच लागतो. आणखीही एक खोट आहे. परवा आईला घेऊन आकाशवाणी चौकातून येत होतो. फोनवरच्या ॲपमधून आकाशवाणी नागपूर चालू होतं, आवाज लख्ख. इंटरनेटवरून येणारं प्रसारण थोडं मागं असतं, हे मला ठाऊक होतं, आईला नव्हतं. बातम्या लागल्या तशी तिनं मनगटावरच्या एचएमटीकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली.

‘पुढे पळतंय वाटतं,’ असं म्हणून तिनं चावी ओढली आणि काटा जरासा मागं घेतला. मी गिअर बदलला आणि काही बोललो नाही.