पाइप का निसटतो

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यात टर्बो गाडीचं दुखणं सहसा लपून राहतं. कारण इथे गाडी पळतच नाही. अंबरनाथहून निघून उल्हासनगरातून कल्याण गाठेपर्यंत क्लचवरचा पाय भरून येतो, टर्बोला मात्र काहीच काम नसतं. इंटरकूलरच्या पाइपावर दाब येत नाही, त्यामुळे तो कसाबसा अडकलेला असला तरी चालून जातं. मग पावसाळ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, माळशेजला जाऊ. मुरबाड मागे पडतं, टोकावडे जातं, घाटाचा चढ लागतो. गाडीत पाच माणसं, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि बॉनेटखालून ‘फट्’ असा आवाज येतो. त्यानंतर नुसतं सूं सूं. गाडी ओढत नाही आणि आरशात मागे काळा धूर दिसतो.

पाइप पूर्ण निसटला तर निदान डोळ्यांना दिसतो. अर्धवट सरकलेला जास्त छळतो. मेकॅनिक गाडी जागेवर रेझ करून बघतो आणि म्हणतो, “काही नाही साहेब, ठीक आहे.” त्याचंही चूक नसतं. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, म्हणून टर्बोचा दाबही नसतो. दुखणं चढावर आणि तपासणी सपाटीवर, असा हा मामला आहे.

ॲल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांडीवरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. आजच्या मोटारीत ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. पण हवा दाबली की तापते. बाहेर 35 अंश असताना एक बारने दाबलेली हवा शंभर अंशांच्या सहज पुढे जाते. तापलेली हवा विरळ होते आणि कोंबल्याचा बराचसा फायदा निघून जातो. म्हणून ती आधी इंटरकूलरमधून फिरवून निववायची आणि मग इंजिनात सोडायची. बहुतेक गाड्यांत हा इंटरकूलर पुढे, बंपरमागे असतो. म्हणजे टर्बोपासून पुढे आणि तिथून परत इंजिनापर्यंत असा हवेचा प्रवास होतो, आणि या वाटेवर निदान चार सांधे तरी येतात. निसटायचं ते इथेच.

साठ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस सेंटिमीटर भरतं. एक बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे घाटात पाय दाबला की पाइप तोंडावरून ढकलून देणारा जोर 28 किलोंच्या आसपास जातो, आणि दीड बार दाब असेल तर चाळिशी ओलांडतो. पाय उचलला की तो नाहीसा होतो, दाबला की पुन्हा येतो. वळणावळणाच्या रस्त्यावर हे हजारदा होतं. एकदाच जोर लावून बसून राहणाऱ्या वजनापेक्षा ही ये-जा सांध्याला जास्त हलवते.

काळ्या धुराचं कारणही इथेच आहे. एअर फिल्टरपाशी बसलेला सेन्सर आत आलेली हवा मोजतो, त्या हिशेबाने डिझेल सुटतं, पण मोजलेल्या हवेतली काही वाटेतच पळालेली असते. डिझेल जास्त, हवा कमी. कल्याणच्या डिझेल शेडमधली रेल्वेची जुनी आल्को इंजिनं ज्यांनी पाहिलीत त्यांना हा धूर ओळखीचा वाटेल. ड्रायव्हरने नॉच चढवला की टर्बो वेग घेईपर्यंत काळा लोट निघायचा. फरक इतकाच की ते इंजिन थोड्या वेळाने सावरायचं. फुटक्या सांध्याची मोटार सावरत नाही.

आता उपाय. कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं: क्लिप आवळून घ्या. माझ्या गाडीचा पाइप निसटला तेव्हा मलाही ते अनेकांनी सांगितलं. एका सर्व्हिस सेंटरने वेगळी वाट दाखवली आणि सगळे पाइपच बदलायचा मोठा अंदाज हातात दिला. पाइप का निसटतो हे मात्र कुणी सांगेना.

स्क्रूने आवळायची ती पट्टीची क्लिप लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1921 साली पेटंट केली. शंभर वर्षं ती जगभर रेडिएटरचे पाइप धरून आहे आणि मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण तिच्या पट्टीला खाचा असतात. बेताबाहेर आवळली की मऊ रबर त्या खाचांत शिरतं आणि हळूहळू कापलं जातं. शिवाय ती स्क्रूच्या बाजूला जास्त आणि समोर कमी दाबते. आणखी एक गोष्ट म्हणजे रबर तापून बसतं, आज घट्ट वाटलेली क्लिप पंधरवड्याने सैल निघते. कंपन्या काही गाड्यांना स्प्रिंगच्या क्लिपा देतात त्या यासाठीच, रबर आक्रसलं की स्प्रिंग मागोमाग येते. आपल्याकडे ती स्प्रिंग ‘लूज वाटते’ म्हणून काढून फेकतात आणि जागी स्क्रूची लावतात.

अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि ऑर्डनन्स या दोन कारखान्यांनी पिढ्यान् पिढ्या टर्नर-फिटर घडवले. अशाच एका निवृत्त टर्नर काकांचं लहानसं लेथचं दुकान एमआयडीसीच्या वाटेवर आहे. माझ्या गाडीचा ॲल्युमिनियमचा जोडपाइप मागे कुणीतरी बाहेरून बनवून बसवलेला होता. काकांनी तो हातात घेतला, तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “याला कडच नाही. क्लिप धरणार कशाला?” लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना दोरी तोंडाच्या काठाखाली बसते, म्हणून सुटत नाही. काठ नसलेल्या गुळगुळीत भांड्यावर तीच दोरी कितीही ओढून बांधा, वर सरकणारच. पाइपाच्या तोंडाला बाहेरून उठलेली गोल कड असते तिचं काम हेच. रबर तिच्यावरून पलीकडे जायला हवं आणि क्लिप कडेच्या मागे बसायला हवी. कडेवर बसलेली क्लिप दिसायला घट्ट असते, पण पहिल्या चढाला घसरते. काकांनी लेथवर कड उठवून दिली.

दुसरा गुन्हेगार तेल. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या वाटेवर सोडलेली असते. थोडी ओल म्हणूनच चालते, पण ती सांध्यात उतरली की रबर आणि धातू यांच्यात वंगण तयार होतं. त्यात आपली माणसं पाइप पटकन चढावा म्हणून आतून ग्रीसचं बोट फिरवतात! दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करावेत, तेवढ्याने निम्मी लढाई होते. रेसिंगवाले तर तोंडावर हेअर स्प्रे मारून पाइप चढवतात. तो ओला असताना सरकतो आणि वाळला की चिकटतो. ऐकून हसू येतं, पण उपाय खरा आहे.

नव्या क्लॅम्पसाठी मी उल्हासनगरला गेलो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता फार शिळा झाला आहे आणि मला तो कधीच फारसा आवडला नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या, 1949 साली नाव मिळालेल्या या गावाने शून्यातून बाजार उभा केला, तो काही नुसत्या नकलेवर नाही. दुकानातल्या शेठने आधी किंमत सांगितलीच नाही. “माप लाए हो?” त्याने विचारलं. पाइप चढवल्यावर बाहेरून किती भरतो, ते माप. मी नेलं नव्हतं. त्याने गल्ल्यातून व्हर्नियर काढला, जुना तुकडा मोजला आणि टी-बोल्टचा रुंद क्लॅम्प दिला. सिलिकॉनचा पाइप दाखवताना आतून तेल सोसणारं अस्तर असलेलाच घ्या, हेही सांगितलं. साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपतं.

एवढं करूनही सांधा परत हलू लागला, आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली. इंटरकूलर बॉडीला घट्ट बसवलेला असतो. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर डुलत असतं. दोघांमधला पाइप लवचीक ठेवलाय तो या डुलण्यासाठी. काटई रस्त्यावरचे खड्डे खाऊन फाउंडेशन गेलं की इंजिन बोटभर जास्त हलतं आणि प्रत्येक झटक्याला पाइप तोंडावरून ओढला जातो. सांधा सुटत होता तिथे दोष नव्हताच, तो हातभर लांब होता. अंबरनाथच्या एका तरुण मिस्त्रीने ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये घेतली, क्लच अलगद सोडला आणि मला बॉनेटखाली बघायला लावलं. इंजिन उचललं जाताना दिसलं.

“हे आधी कुणी का नाही पाहिलं?” मी विचारलं.

“साहेब, आवळायचे पन्नास रुपये लोक देतात. बघायचे कोण देणार?”

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. नवा पार्ट डब्यातून निघालेला दिसतो, म्हणून त्याचे पैसे द्यायला आपल्याला खुपत नाही. कुणी अर्धा तास कंदील घेऊन इंजिनाखाली डोकं घातलं आणि काहीच न बदलता बाहेर आला, तर त्याने काम केलं असं आपण मानत नाही. मग मिस्त्री तरी काय करणार? तोही आवळतो.

पावसात ही हयगय महाग पडते. 26 जुलै 2005 चा महापूर या भागातल्या माणसांना वेगळा सांगायला नको. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढावे लागले. पाणी भरणाऱ्या अशा टापूत इंटरकूलरचे खालचे सांधे सर्वांत आधी बुडतात. सैल सांध्यातून इंजिनाने पाणी ओढलं तर ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कोरड्या दिवसांतही अशा फटीतून फिल्टर चुकवून धूळ आत जाऊ शकते.

तेव्हा पावसाआधी गाडी दाखवायला न्याल तर टर्बोची वाट बंद करून, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने बेताची हवा भरायला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारून बघायला सांगा. फाउंडेशनही हलवून बघायला सांगा. काहीच सापडलं नाही, तरी त्या मिस्त्रीला बघण्याचे पैसे वेगळे द्या.