आईचं डोकं आणि फियाटचा मॅनिफोल्ड

आमच्या टिळकवाडीतल्या घराच्या बोळात १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. कागदावर पद्मिनी, घरात सगळ्यांची फियाट. २००९ साली आई गेली आणि अप्पांनी गाडी बाहेर काढणं हळूहळू बंदच केलं. गेल्या दिवाळीनंतर मी मनावर घेतलं. इंजिन सुरू करून घ्यायचं आणि अप्पांना याच गाडीतून निपाणीला अक्काकडे न्यायचं.

मिस्त्रीनं इंजिन सुरू करून दिलं. पण बॉनेट उघडलं की एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले पोपडे दिसायचे. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरमधला जळका धूर एकत्र करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा बिडाचा भाग. म्हटलं, एवढं आपण घरीच करू. नटांवर दोन दिवस डिझेल सोडलं, तरी एक स्टड तुटलाच. मग अंगणात पेपर पसरला, तोंडाला रुमाल बांधला आणि वायर ब्रश घेऊन बसलो. दोन दिवस घासून, साबणाच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून बीड कसं करडं, स्वच्छ निघालं. रंगाचा डबा हलवायला घेतला, तेवढ्यात अप्पा काठी टेकत आले.

अप्पांनी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं फेटलिंग केलेलं. ओतलेल्या मालाची वाळू झाडायची, कडा घासायच्या आणि माल वाजवून पास करायचा. आता वय ८४, नजर अधू, कान मात्र शाबूत.

"रंग लावतोस होय? आधी दोरीला टांग की. माठ घेताना वाजवून घेतोस आणि हे तसंच?"

पेरूच्या फांदीला मॅनिफोल्ड टांगला आणि छोट्या हातोडीनं हलकेच टोला दिला. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. हे बद्द वाजलं. अप्पा म्हणाले, "फुटलंय."

मला तर काहीच दिसेना. त्यांनी सांगितलं तसं रॉकेल लावलं, थोड्या वेळानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड फासली. पाच मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. बोटभर लांब. दोन दिवस मी तिच्यावरून ब्रश फिरवत होतो.

अप्पा खुर्चीवर बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझी आई सांगत होती की रे."

आमच्याकडे तेव्हा एक ठरलेली गंमत होती. निपाणीला निघालं की आईचं डोकं दुखायचं. हत्तरगी गेलं की सुरुवात, संकेश्वरला मळमळ, तवंदी घाट उतरेपर्यंत ती डोळे मिटून बसलेली. आम्ही म्हणायचो, घाटाची वळणं लागतात. अक्काचे सासरे म्हणायचे, आमच्या गावच्या तंबाखूचा वास सोसत नाही. अक्काच्या माडीवर वाऱ्याला तासभर बसली, चहा घेतला, की आई ठणठणीत. मग सगळे चिडवायचे, लेक दिसली की दुखणं पळालं! ती म्हणायची, "गाडीत कसलातरी जड वास येतोय." आणि अप्पा म्हणायचे, "काच वर कर, धूळ येते." रस्त्याच्या चौपदरीकरणाचे दिवस होते ते. माझी मुलं काकती सोडली की मागे गाढ झोपायची. शहाणी पोरं, म्हणायचो आम्ही.

फुटक्या मॅनिफोल्डमधून धूर बॉनेटखाली साठतो आणि पेडलच्या भोकांतलं रबर कुजलं असेल, तर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, झोप येते. मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं. तडा तेव्हापासूनचा होता का, ते आता कोण सांगणार? बीड वर्षानुवर्षं तापतं, निवतं, कधीतरी तडकतंच. आम्हीच वाकून पाहिलं नाही.

वेल्डिंग करून घेऊ का, विचारलं. अप्पा म्हणाले, "बीड नीट तापवून, सावकाश निववून जोडलं तर ठीक, नाहीतर शेजारी परत फुटतं." मग कोल्हापूरला जुन्या सामानाच्या दुकानात दुसरा मिळाला. अप्पा सोबत आले, दुकानात वाजवून घेतला. घरी परत तेच घासणं, धुणं. साधा चंदेरी रंग इथे जळून जातो, म्हणून ६०० अंश सोसणारा आणला. दोन पातळ हात दिले, गॅस्केटच्या तोंडाला सोडून. नवं गॅस्केट, नवे स्टड, नट मधून कडेकडे आवळले. रंग पक्का व्हायला इंजिन दहा मिनिटं चालवून थंड केलं, मग वीस मिनिटं. रंग तापताना धूर येतो, म्हणून गाडी ढकलून रस्त्यावर घेतली होती. पेडलची रबरंही बदलली.

संक्रांतीनंतर निपाणीला गेलो. अप्पा पुढे, आईच्या जागेवर बसले. धूळ होती, थंडीही होती. तरी तवंदी घाट लागला तशी त्यांनी काच खाली केली आणि निपाणी येईपर्यंत वर घेतली नाही. मीही काही बोललो नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि घरातल्या कुणाचं तिच्यात बसलं की डोकं दुखत असेल, तर हसू नका. आधी बॉनेट उघडा.