माथेरानला नेलेली गोष्ट

मैत्रिणींनो, मुलांना घेऊन माथेरानला जाणार असाल, तर चिवड्याच्या डब्याबरोबर ॲना स्यूएलचं 'ब्लॅक ब्यूटी' न्याच. १८७७ सालचं पुस्तक; पण घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो, त्यामुळे लहानांनाही कळतं. रात्री जेवणं आटोपली की 'हे' वाचत आणि मी मराठीतून सांगत असे. मालकिणीच्या हौसेपायी घोड्याची मान वर ताणून बांधतात, चढावर बिचाऱ्याला जोर लावता येत नाही, हे ऐकून धाकटी मुसमुसलीच!

माथेरानला खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे तांबडी माती नि रांगेने उभे घोडे. धाकटी बसेचना. "त्याला दुखेल!"

घोडेवाले मामा हसून म्हणाले, "बाळ, कोणी बसलंच नाही, तर याला चारा कुठून घालू?"

यावर आमच्यापाशीही उत्तर नव्हतं. शेवटी ती बसली. पण चढ आला की उतरून चालायची.

तुम्हीही आधी भाव ठरवा. घोड्याची पाठ सोललेली नाही ना, तो लंगडत नाही ना, हे मात्र मुलांनाच बघू द्या. त्यांचं लक्ष आपल्यापेक्षा बारीक असतं, बरं का!