वतन आणि निवृत्ती

बेळगाव,
5 मार्च 2023

प्रिय वसंता,


तुझे पत्र परवा पावले आणि खरे सांगतो, ते वाचून दोन दिवस लेखणी हाती धरवली नाही. येडियुरप्पांचे कर्नाटकाच्या विधानसभेतील निरोपाचे भाषण दूरदर्शनवर ऐकताना तुझे डोळे भरून आले, ते पाहून सूनबाई ‘तुरुंगात जाऊन आलेल्या माणसासाठी कसले रडता?’ असे बोलून गेली, आणि तू त्या रात्री ताटावरून उठलास! ऐंशीच्या घरात पोचलेल्या आणि रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्या माणसाने एका राजकारण्यापायी उपाशी निजावे, हा अविचार तुलाच सुचायचा. वर मलाच पंच नेमून विचारतोस, अश्रू खरे की उपहास खरा?

अश्रू मला कळतात. समाजकल्याण खात्यातील कारकुनी सोडून शिकारीपुरात भातगिरणीवर हिशेब लिहायला आलेला माणूस 1983 साली आमदार होतो, 1985 साली सबंध विधानसभेत त्याच्या भाजपचे दोनच आमदार उरले असता त्यांतला एक असतो, आणि 2008 साली त्याच पक्षाचे दक्षिणेतले पहिले सरकार उभे करतो, ही कथा पुराणिकानेही हात जोडून सांगावी अशीच आहे. चार वेळा मुख्यमंत्री, त्यांत एकदा सात दिवस नि एकदा तीनसुद्धा धड नाहीत, आणि पाच वर्षांची मुदत एकदाही पुरी नाही! (मध्यंतरी ग्रहमानासाठी म्हणे त्यांनी इंग्रजी नावातली अक्षरे बदलली आणि 2019 साली पुन्हा पूर्ववत केली; आपल्या देवनागरीला त्याचे सोयरसुतक नाही.) उपमुख्यमंत्री असताना अर्थखाते सांभाळून त्यांनी शाळकरी मुलींना सायकली दिल्या, त्या मी रोज हिंडलग्याच्या रस्त्यावर पाहत असे. त्यांतली एक, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईची थोरली, चेन निसटली की आमच्या फाटकाशी थांबून काडीने ती बसवी आणि काळे झालेले हात गणवेशाला लागू नयेत म्हणून आमच्या मेंदीच्या कुंपणाला पुशी. त्या कुंपणाची पाने वर्षभर तेलकट होती, आणि मी कधी तक्रार केली नाही.

परंतु सूनबाई खोटे बोलली असेही मी म्हणणार नाही. 2011 च्या जुलैत खाणींविषयीचा लोकायुक्तांचा अहवाल आला, मुख्यमंत्रिपद गेले, आणि ऑक्टोबरात जमिनींच्या प्रकरणात त्यांना तुरुंग पाहावा लागला. मात्र खाणप्रकरणातील लाचेच्या खटल्यात 2016 साली न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली, हे तिला सांगायचे सोडून तू पाटावरून उठलास, ही तुझी चूक. गोवंशहत्येवरचा त्यांच्या सरकारचा कडक कायदा तुला धर्मकृत्य वाटतो. म्हातारे बैल पोसताना ज्याच्या गोठ्यातली वैरण संपते, त्या शेतकऱ्याला तो काय वाटतो, हे एकदा गावाकडे जाऊन विचार. आणि आपल्या मराठी मंडळींचे म्हणशील तर, नोव्हेंबर 2020 मध्ये मराठा विकास मंडळासाठी 50 कोटी जाहीर झाले तेव्हा अर्धे हरखले, अर्ध्यांनी मराठा मतदार असलेल्या बसवकल्याणच्या पोटनिवडणुकीकडे बोट दाखवले, आणि कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला राज्यभर बंद पुकारला. एकाच माणसाने एकाच हुकमाने तिघांनाही आपापल्या परीने हलवून सोडावे, हेही कसबच म्हणायचे!

पण वसंता, तुम्ही दोघे ज्यावर भांडलात तो मुद्दाच माझ्या लेखी गौण आहे. गेल्या सोमवारी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, शिवमोग्याच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि पंतप्रधानांच्या सांगण्यावरून हजारो लोकांनी मोबाइलचे दिवे लावून त्यांना मानवंदना दिली. त्या विमानतळाला आपले नाव नको, कवी कुवेंपूंचे द्या, असे याच गृहस्थाने सांगितले होते, आणि ते वाचून मी तुझ्याइतकाच गहिवरलो होतो. दगडावरचे नाव सोडणारा हा माणूस मतदारसंघ मात्र सोडीना! 2014 साली ते लोकसभेत गेले तेव्हा शिकारीपुरातून थोरला मुलगा आमदार झाला. तो मुलगा पुढे शिवमोग्याचा खासदार झाला. आणि गेल्या जुलैत धाकट्याला शिकारीपूर देण्याची घोषणा वडिलांनीच केली. याला तू निवृत्ती म्हणतोस? आपल्या आजोबांच्या भाषेत याला वारसाची नोंद म्हणत.

1950 च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा आणि कुलकर्णी वतने खालसा झाली, तेव्हा तुझ्या आजोबांनी दप्तराचे तांबडे रुमाल स्वतः बांधून तलाठ्याच्या हवाली केले, ते आपण दोघांनी ओसरीच्या खांबाआडून पाहिले होते. शेवटच्या रुमालाची गाठ त्यांना बसेना. आजीने ती बांधली. तेव्हा त्यांनी कोणाला दोष दिला नाही आणि तुझ्या वडिलांना तलाठ्याच्या जागेसाठी अर्जही करू दिला नाही. अशा माणसांनी सोडलेली वतने आता मतपेटीच्या वाटेने परत येत आहेत, आणि ती डाव्याउजव्या सगळ्याच पक्षांत येत आहेत, हे पाहून माझा जीव घाबरा होतो. मतदार हा काही बलुतेदार नव्हे, की मालक बदलला तरी त्याने त्याच उंबऱ्यावर पायली मागावी! निवृत्त होणाऱ्याने किल्ली ठेवावी आणि जावे. ती कोणी उचलावी हे सांगत बसू नये.

हे सारे मी इतक्या त्वेषाने का लिहितो, ते तुला कळले असेलच. पत्राच्या शेवटी, जणू ताजा कलम असावा तशा दोन ओळींत तू कळवतोस की, एकतीस वर्षांनी वाचनालयाचे अध्यक्षपद सोडत आहेस आणि ‘सुहास पुढे पाहील, कार्यकारिणीची संमती घेतली आहे.’ मुलगा म्हणून सुहास गुणी आहे. परंतु त्याला पुस्तकांची आवड आहे असे मी तुझ्याखेरीज कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही, आणि खुद्द त्याची संमती घेतलीस की नाही, याविषयी तुझे पत्र अवाक्षर काढत नाही. तुझ्यामागे सभासद त्याला तोंडावर काही म्हणणार नाहीत; पाठीमागे म्हणतील, आणि ते ऐकावे लागेल ते सूनबाईला. तुझ्या घरात आधीच दोन दिवसांचा अबोला आहे. तिच्याशी आज बोल. आधी जेव, मग बोल.

आणि एवढे माझे ऐक. वार्षिक सभेच्या सूचनापत्रातून सुहासचे नाव काढून टाक, अध्यक्षपदासाठी अर्ज मागव, आणि मतमोजणीच्या वेळी तू त्या खोलीत बसू नकोस.

तुझा,
बाळू

ता. क. वाचनालयाचे एक पुस्तक 2011 सालापासून माझ्याकडे राहिले आहे. दंडासह परत करीन, पण तुझ्या हाती नव्हे. सभासद निवडतील त्या अध्यक्षाच्या हाती.